प्रक्षेप आणि प्रक्षेपण

जुनी व्हिडिओ कॅसेट आजच्या भिंतीएवढ्या पडद्यावर दाखवावयाची झाल्यास कोणती तार कोठे जोडावी, हा प्रश्न वरवर पाहता कारागिराचा आहे. त्याचा नीतिविचाराशी काही संबंध असेल असे प्रथमदर्शनी कोणास वाटणार नाही. पिवळ्या टोकाची तार पिवळ्या छिद्रात, पांढरी आणि तांबडी आवाजासाठी. नव्या संचाला अशी छिद्रेच नसली तर बाजारात मिळणारी एक लहानशी डबी मध्ये घालावयाची, तिच्यातून एचडीएमआयची तार टीव्हीकडे न्यावयाची आणि रिमोट हाती घ्यावयाचा. चित्र उमटले की काम झाले असे सर्वजण समजतात. माझ्या मते विचार करण्याजोगा प्रश्न यानंतरचा आहे. पडद्यावर जे उमटले ते सर्व फितीवर होते काय? नसल्यास ते तेथे घालण्याचा अधिकार कोणाचा, आणि घातल्यावर तसे सांगण्याचे कर्तव्य कोणाचे?

शब्दांचा एक योगायोग येथे नोंदण्यासारखा आहे. प्राचीन ग्रंथात मागाहून कोणी घुसडलेल्या श्लोकाला इंग्रजीत जो शब्द आहे, तोच शब्द आजचे अभियंते दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये यंत्राने रचून घातलेल्या तिसऱ्या चित्रालाही वापरतात. आपण त्या श्लोकाला प्रक्षेप म्हणतो आणि दूरचित्रवाणीवरून चित्र पाठविण्याला प्रक्षेपण म्हणतो. दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघालेले आहेत. प्रक्षेपणाच्या मार्गात प्रक्षेप कसा शिरतो हे समजण्यासाठी मात्र जुन्या यंत्राची रचना थोडी पाहिली पाहिजे.

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस झाला. मुंबईस ती २ ऑक्टोबर १९७२ रोजी पोहोचली. आणि १९८२ साली रंग आले ते ‘पाल’ नावाच्या पद्धतीने. या पद्धतीत एका चित्राच्या ६२५ रेषा असतात व त्यांपैकी ५७६ रेषांत प्रत्यक्ष चित्र असते. सेकंदाला अशी २५ चित्रे. पण एक चित्र एकदम येत नाही. आधी त्याच्या विषम रेषा येतात, मग सम रेषा. आणि या दोन अर्धुकांत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर असते. म्हणजे अक्षता टाकणारा हात पहिल्या अर्धुकात जेथे असतो तेथे दुसऱ्या अर्धुकात नसतो. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबवर पहिल्या अर्धुकाचा प्रकाश विझत असताना दुसरे उजळे, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांत हात सरळ, अखंड हालत असे. आजच्या सपाट पडद्याला अर्धुके ठाऊक नाहीत. त्याला संपूर्ण चित्र एकाच क्षणी हवे असते. दोन्ही अर्धुके तशीच एकत्र विणली तर हलत्या हाताच्या कडेला फणीचे दाते उगवतात. आणि दाते नकोत तर एका अर्धुकाच्या गाळलेल्या रेषा यंत्राला स्वतःच्या अंदाजाने भराव्या लागतात.

हिशेब केला तर या अंदाजाचे प्रमाण लक्षात येते. पाल पद्धतीचे चित्र अंकांत उतरविताना ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदूंत मांडतात. आजच्या ‘फोर के’ पडद्याच्या रेषा २१६०, जुन्याच्या बरोबर पावणेचारपट. त्यावर जुने चित्र त्याच्या मूळ चार-तीनच्या प्रमाणात बसविले तर ते २८८० गुणिले २१६०, म्हणजे ६२,२०,८०० बिंदू व्यापते. पहिल्या संख्येच्या ही पंधरापट होय. दर पंधरा बिंदूंत एक बिंदू फितीच्या साक्षीचा, उरलेले चौदा यंत्राच्या अनुमानाचे! हलत्या चित्रात, जेथे एका वेळी एकच अर्धुक हाती असते, तेथे तिसांत एक. आणि व्हीएचएस फितीवर मुळात ७२० बिंदूंइतका तपशील कधीच नव्हता. तिची आडवी सूक्ष्मता साधारण २४० रेषांची. म्हणजे हा हिशेबही उदार हाताने केलेला आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो टाकाऊ नाही. मनुष्याचा डोळा तरी दुसरे काय करतो? सेकंदाला पंचवीस स्थिर चित्रे पाहून तो गती कल्पितो. दृष्टिपटलावर जेथे मज्जातंतू बाहेर पडतो तेथे एक आंधळा ठिपका असतो. तो आपणांस कधी दिसत नाही, कारण मन त्याची जागा भोवतालच्या रंगाने भरून टाकते. जन्मभर आपण अनुमानाच्या ठिगळांतून जग पाहतो, मग यंत्राने चार ठिगळे आणखी लावली तर बिघडले कोठे?

नैयायिकांनी अनुमानाला प्रमाण मानले आहे. धूर पाहून डोंगरावर अग्नी आहे असे म्हणणाऱ्याला त्यांनी खोटे ठरविले नाही. पण त्यांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन प्रमाणे वेगळी ठेवली. धूर पाहणाऱ्याने ‘मी अग्नी पाहिला’ अशी साक्ष देऊ नये, एवढी त्यांची अपेक्षा आहे. डोळ्याच्या अनुमानाची तपासणी करण्याची सोय निसर्गाने ठेवलेली आहे: मान वळवा, जवळ जा, हात लावा. पडद्यावरच्या चौदा बिंदूंची तपासणी करण्यासाठी कोठे जावे? ज्या वस्तूचे ते चित्र आहे ती वस्तू बहुधा आता जगात नसते. जुन्या कॅसेटी आपण पाहतो त्या बव्हंशी याच कारणासाठी.

हैदराबादेतील एका परिचित कुटुंबात मध्यंतरी १९९१ सालच्या एका मुंजीची कॅसेट अशीच लावण्यात आली. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या आपल्या घरांतून अशा कॅसेटींना एक वेगळेच मोल असते. ज्यांना कार्याला येता आले नाही त्यांच्यासाठी त्या काढल्या जात, टपालाने पाठविल्या जात; अमेरिकेतल्या भावाकडे गेलेली कॅसेट तिकडच्या ५२५ रेषांच्या यंत्रावर चालत नसे, म्हणून ती पैसे देऊन बदलून घ्यावी लागे. एका फितीत एका घराण्याची बोली, दागिने, आचाऱ्याची हाक आणि गेलेली माणसे साठून राहिली आहेत. या कॅसेटीत घरातली आजी होती. व्हीसीआर डबीमार्फत मोठ्या टीव्हीला जोडला आणि टीव्ही ज्या सेटिंगवर कारखान्यातून आला होता त्याच सेटिंगवर चित्र सुरू झाले. नातू हरखून म्हणाला, “आत्या, बघ किती स्पष्ट दिसतेय आजी!” आत्यांचे वय ऐंशीच्या पुढे. त्या पडद्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “स्पष्ट दिसतेय रे, पण ही आई नव्हे. आईच्या गालावर देवीचे व्रण होते.”

व्रण फितीवर होते. यंत्राने ते पुसले होते. जुन्या फितीवर चित्राबरोबर एक खरखरही असते, सूक्ष्म ठिपक्यांची. ती काढून टाकणे हे टीव्हीतील एका गाळणीचे काम. कोणता ठिपका फितीच्या म्हातारपणाचा आणि कोणता बाईच्या बालपणीच्या आजाराचा, हे त्या गाळणीला कळण्याचा मार्ग नाही. शिवाय अलीकडच्या संचांतून जी ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ असते ती असंख्य परक्या चित्रांवर शिकून तयार झालेली असते. गाल कसा असावा हे तिने आधीच ठरविलेले असते. रिकाम्या जागी ती जो गाल भरते तो कोणा एकाचाही नसतो. नातवाने रिमोटवर धुंडाळून ती गाळणी बंद केली, तेव्हा खरखर परतली आणि खरखरीबरोबर व्रणही, अंधुक, परतले. आत्यांचे समाधान झाले. त्याच वेळी त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, “बाबा, चांगलं दिसत होतं की! बिघडवलं कशाला?”

या प्रश्नाला उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. मुलीने पणजीला पाहिलेले नाही. आत्यांना चूक दिसली ती त्यांच्या आठवणीमुळे. आणखी काही वर्षांनी अशी आठवण असणारे कोणी उरणार नाही, आणि तेव्हा गुळगुळीत गालाची बाई हीच पणजी ठरेल. चित्र खोटे आहे असे म्हणणारा साक्षीदार जिवंत असेपर्यंत खोटेपणाची हानी मर्यादित असते; तो गेल्यानंतर ते चित्र हाच एकमेव साक्षीदार होऊन बसतो. म्हणून पुढच्या पिढीसाठी चित्र ‘सुधारून’ ठेवण्याची जी हौस आज जागोजाग दिसते, तिच्याबद्दल मला धास्ती वाटते. जिच्यासाठी सुधारणा करावयाची तिलाच फसवणूक ओळखण्याचे साधन नाही.

ग्रंथांच्या बाबतीत हा पेच आपल्या विद्वानांनी कसा सोडविला याचे एक थोर उदाहरण पुण्याचे आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर यांनी तिचे संपादन केले. १९३३ साली आदिपर्व पूर्ण झाले आणि १९६६ साली सर्व पर्वे. देशभरच्या हस्तलिखितांत पाठ भिन्न, कोठे भर घातलेली, कोठे गाळलेले. संपादकाला निर्णय घेणे भाग होते. अंदाज न करता एकही अध्याय छापता आला नसता. पण जेथे पाठ निश्चित नव्हता तेथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ छापण्यात आली. आणि जे श्लोक प्रक्षिप्त ठरले ते फेकून दिले नाहीत. तळटीपांत व परिशिष्टांत ठेवले, जेणेकरून संपादकाचा निर्णय ज्याला मान्य नसेल त्याने स्वतः पाहावे. अंदाज करण्यात पाप नाही, असे मला या आवृत्तीची पाने उलटताना नेहमी वाटते. पाप आहे ते नागमोडी रेघ पुसण्यात. टीव्हीच्या पडद्यावर चौदा बिंदू अनुमानाचे असतात आणि त्यांच्याखाली रेघ नसते.

भित्तिचित्रांच्या दुरुस्तीतही असाच उपाय निघाला. रोमच्या जीर्णोद्धार संस्थेत १९४० च्या दशकात चेझारे ब्रांदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रंग उडालेल्या जागा बारीक उभ्या रेषांनी भरण्याची रीत पाडली. लांबून चित्र अखंड दिसते, जवळ गेल्यास मूळ कोणते व भरलेले कोणते हे कळते. म्हणजे मुलीची हौस आणि आत्यांचा हक्क एकाच भिंतीवर नांदू शकतात.

आतापर्यंत मी असे बोललो जणू फितीवर जे आहे ते सत्य आणि यंत्राने घातलेले ते असत्य. प्रकरण इतके सरळ नाही, आणि येथेच शुद्धतावाद्यांशी माझा मतभेद आहे. व्हीएचएस चित्राच्या तळाशी एक थरथरणारी पट्टी असते. व्हीसीआरच्या फिरत्या ढोलावरील एक शीर्ष फितीवरून उठून दुसरे बसते त्या क्षणाची ती खूण. ती १९९१ सालीही फितीवर होती, पण तेव्हाचे टीव्ही चित्राच्या कडा चौकटीआड झाकून टाकीत, म्हणून ती कोणी पाहिली नाही. नवा पडदा कडेपर्यंत सर्व दाखवितो. ही पट्टी दाखविणे ही निष्ठा की झाकणे ही? तीच गोष्ट फणीच्या दातांची. मुंजीच्या घरी जमलेल्या कोणीही कॅसेट पाहताना बटूच्या हाताला दाते पाहिले नव्हते. फितीशी अक्षरशः इमान राखणारा मनुष्य आज असे चित्र पाहतो की जे पूर्वी कोणीही पाहिलेले नाही. फितीशी निष्ठा, त्या काळच्या पाहणाऱ्याच्या अनुभवाशी निष्ठा, आणि ज्या माणसाचे चित्र घेतले त्याच्याशी निष्ठा, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पट्टी झाकावी, दाते यंत्राला भरू द्यावेत, असे मी म्हणेन. कारण ती दोन्ही यंत्राची वैगुण्ये होत. व्रण मात्र माणसाचे होते. तिघांत तंटा होईल तेथे माणसाशी निष्ठा श्रेष्ठ मानावी असा माझा कौल आहे. फिती आणि पडदे त्याच्यासाठी निर्माण झाले.

या कसोटीला सर्वांत उघड उतरत नाही ती चित्र ताणण्याची चाल. जुने चित्र चारास तीन, नवा पडदा सोळास नऊ. प्रमाण राखले तर पडद्याचा बरोबर चौथा हिस्सा दोन्ही बाजूंना काळा राहतो. एवढे पैसे देऊन घेतलेला पडदा रिकामा ठेवणे घरमालकाला सोसत नाही. म्हणून चित्र रुंद केले जाते आणि प्रत्येक चेहरा एक तृतीयांशाने फुगतो. दुसरी चाल चित्र सर्व बाजूंनी वाढविण्याची. तिने उंचीचा चौथा भाग कापला जातो आणि मागच्या रांगेत उभे राहिलेल्यांची डोकी जातात. स्वस्तातल्या कित्येक डब्या तर न विचारताच चित्र ताणून टीव्हीकडे पाठवितात. टीव्हीला वाटते, माणसे अशीच होती. पोथीच्या पानाला दोन्ही बाजूंना समास सोडतात. तेथे लिहावयास काही नव्हते म्हणून ती जागा रिकामी राहिली असे कोणी समजत नाही. काळ्या पट्ट्यांना समास समजावे, असे मी होम थिएटरवाल्या मित्रांना सांगतो. ते ऐकतात, आणि मी गेल्यावर पुन्हा ताणतात! आवाजाचीही तीच तऱ्हा. एकाच वाटेने आलेला मंत्रघोष पाच कर्ण्यांत वाटून खोलीभर फिरविला जातो.

तारांच्या या जगात एक अन्यायही दडलेला आहे. विकत मिळणाऱ्या चित्रपट कॅसेटींची नक्कल होऊ नये म्हणून १९८५ च्या सुमारास ‘मॅक्रोव्हिजन’ नावाची युक्ती वापरात आली. चित्राच्या न दिसणाऱ्या रेषांत मुद्दाम अस्थिर स्पंद घालावयाचे, म्हणजे नक्कल करणाऱ्या व्हीसीआरचे उजेडाचे माप चुकते आणि नक्कल कधी काळवंडते, कधी भगभगते. १९९८ च्या अमेरिकन कायद्याने तेथील व्हीसीआरना ही खूण मानणे सक्तीचे केले. ठीक आहे, चोरीला आळा घालण्याचा हक्क मालकाला आहे. पण जुन्या घरगुती फितीचा संकेत वयाने थरथरू लागतो, आणि फीत अंकांत उतरवून घेणारी काही यंत्रे त्या थरथरीलाच चोरीची खूण समजून काम थांबवितात. मालकाने स्वतःच्या घरच्या मुंजीची फीत लावावी आणि यंत्राने त्याला सांगावे की हे चित्र उतरविण्यास परवानगी नाही! वार्धक्याचा कंप आणि अपराध्याचा कंप यांत फरक न करणाऱ्या न्यायाधीशाला आपण काय म्हटले असते? यंत्राविषयी मात्र आपण ‘तांत्रिक अडचण’ म्हणून मोकळे होतो, आणि ज्याने तो नियम यंत्रात लिहिला त्याच्यापर्यंत बोट पोहोचत नाही.

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाळणी चालू ठेवून टीव्ही विकावयाचा की बंद ठेवून, हे कोणीतरी एका टेबलाशी बसून ठरविलेले असते. बहुसंख्य लोक सेटिंगला हात लावीत नाहीत हे त्यालाही ठाऊक असते. म्हणून ‘पाहणाऱ्यास बंद करण्याची मुभा आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. मुभा आहे हे ज्याला माहीत नाही त्याच्या बाबतीत मुभा नसल्यासारखीच. डिसेंबर २०१८ मध्ये अभिनेते टॉम क्रूझ व दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅकक्वॅरी यांनी दोन चित्रांमध्ये तिसरे घालणाऱ्या सेटिंगविरुद्ध जाहीर विनंती केली, आणि २०१९ साली टीव्ही उत्पादक व चित्रपटसृष्टी यांनी मिळून ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला. त्यात चित्राचे प्रमाण व गती जशीच्या तशी राहते आणि हे संस्कार बंद होतात. चित्रपटाला दिग्दर्शक होता, त्याला आवाज होता, म्हणून एवढे झाले. मुंजीच्या कॅसेटीला असा कोणी वाली नाही. जो तार जोडतो तोच तिचा संपादक, मग त्याला ते पद हवे असो वा नसो.

आणि त्याला वेळही फार नाही. व्हीसीआर बनविणारी जगातील शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ साली उत्पादन थांबविले. आता जी यंत्रे आहेत ती जुनी आणि झिजलेली. फितीवरचे चुंबकीय कणही गळत आहेत, आणि दमट हवेच्या गावांतून बुरशी लागलेली कॅसेट एकदाच नीट चालते, दुसऱ्यांदा चालेलच असे नाही. अशा वेळी प्रथम फीत आहे तशी उतरवून घ्यावी: ५७६ रेषा, दोन्ही अर्धुके, खरखर, तळाची पट्टी, सर्व. ही प्रत पाहण्यासाठी नव्हे, ठेवण्यासाठी. पाहण्यासाठी तिच्यावरून दुसरी करावी आणि मुलीला आवडेल तशी करावी. दाते काढावेत, पट्टी झाकावी, रंग थोडे उजळावेत. मात्र दोन्ही प्रती एकाच ठिकाणी असाव्यात आणि दुसरीच्या नावापुढे काय केले ते लिहावे. हैदराबादच्या त्या घरी आता हार्ड डिस्कच्या डबीवर एक कागद चिकटविलेला आहे: “मूळ व्हीएचएस, पाल, १९९१. पहिली प्रत जशीच्या तशी. दुसऱ्या प्रतीत रेषा यंत्राने भरल्या आहेत, आवाजातली घरघर कमी केली आहे. चेहऱ्यांना हात लावलेला नाही.” शेवटचे वाक्य आत्यांनी सांगून लिहून घेतले.